एल्सपेथच्या खुणा

चोर पकडायची युक्ती माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. आता कुणी क्लेमचं नाव घेतं, कुणी नशिबाचं, आणि मला दोन्ही ऐकवत नाही.

आमचं ड्रेपर बे म्हणजे शेवंडांचं, लॉब्स्टरांचं, गाव. एकवीस बोटी, एक धक्का, एक फुटबॉल क्लब आणि मच्छीमारांची सहकारी संस्था. त्या संस्थेच्या ऑफिसात मी नऊ वर्षं बसते. त्याआधी वीस वर्षं शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवला. त्यामुळे गावात कुणाचा फोन बंद पडो की कुणाचा टीव्ही मुका होवो, माणसं माझ्या दारात. नाव माझं नेरिडा, पण अर्धं गाव मला 'वायरवाली' म्हणतं, आणि तेही तोंडावर.

इथे माणसाची खरी इस्टेट म्हणजे खुणा. समुद्राच्या तळाशी कुठल्या खडकाच्या कुशीत शेवंड बसते, पिंजरा नेमका कुठे सोडायचा, ते आकडे. पूर्वी ते वहीत असत, आता बोटीवरच्या पडद्यावर, प्लॉटरमध्ये असतात. बाप ते मुलाला देतो. बायकोला सांगत नाही. क्लबात बिअरचा ग्लास हातात घेऊन सगळे एकमेकांना धादांत खोट्या जागा सांगतात आणि ऐकणाराही मान डोलावतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण माझ्या वडिलांचा एक नियम होता, आणि तो या सगळ्या किनाऱ्याचाच आहे. बोलताना हवं तेवढं खोटं बोल, वहीत मात्र खोटा आकडा लिहू नकोस. बोललेलं वाऱ्यावर जातं. वही तुझ्यामागे उरते आणि एखाद्या धुक्याच्या दिवशी कुणीतरी तिच्या भरवशावर बोट हाकतो.

मला हा नियम पाठ होता. मी कधी बोटीवर गेले नाही एवढंच. आमच्या वेळी मुलींना नेत नसत.

सहा वर्षांपूर्वी एका बोटीचा प्लॉटर पाण्यात भिजून गेला आणि त्या माणसाच्या तीन पिढ्यांच्या खुणा एका सकाळी नाहीशा झाल्या. तेव्हापासून सगळे आपापल्या खुणांची एक प्रत संस्थेच्या कॉम्प्युटरवर ठेवायला देतात. प्रत्येकाची कुलूपबंद, मलाही न उघडणारी. हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग या वर्षी ऑक्टोबरात हंगाम उघडला आणि पहिल्याच आठवड्यात तिघांना आपल्या खाजगी जागांवर दुसऱ्यांच्या पिंजऱ्यांचे बोये तरंगताना दिसले.

क्लबात हाणामारी व्हायची तेवढी बाकी राहिली. जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. कमिटीच्या बैठकीत क्लेम नॅन्किव्हेल टेबलावर हात ठेवून म्हणाला की कुणीतरी संस्थेच्या कॉम्प्युटरात शिरलंय. क्लेम आमचा अध्यक्ष, चौऱ्याहत्तर वर्षांचा, अजून बोट चालवतो. माझ्या वडिलांच्या बोटीवर, 'एल्सपेथ'वर, त्यानं तीस वर्षं काम केलं. एल्सपेथ हे आमच्या आईचं नाव.

तो बोलला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कॉम्प्युटरात चोर शिरला म्हणजे मी झोपले होते, असाच त्याचा अर्थ. मला ते फार लागलं. मी म्हटलं, दहा दिवस द्या, चोर हातात देते.

उपाय मी शाळेत असताना वाचला होता. बाजारात पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर मिळतो. ना पडदा, ना कळफलक, एक हिरवी पाटी, तिच्यावर चार चिपा आणि नखाएवढं मेमरी कार्ड. माउंट गॅम्बियर शहरातल्या दुकानातून मी एक आणला, बिस्किटांच्या रिकाम्या डब्याला दोन भोकं पाडली, आत बसवला आणि डबा ऑफिसच्या कपाटात फायलींमागे ठेवला. आता हा कॉम्प्युटर काहीच करत नाही. तो फक्त असल्याचं सोंग करतो. ऑफिसच्या नेटवर्कवर तो 'जुन्या खुणा' नावाचं एक कपाट म्हणून दिसतो, कुलूप अगदी तकलादू. शेतातलं बुजगावणं पाखरांना हाकलतं, हे पाखरांना बोलावतं. खरी मेख अशी, की त्या कपाटाशी गावात कुणाचंच काही काम नाही. मी कुणाला सांगितलेलंच नाही. मग जो त्याला हात लावेल तो चोर. हात लागला की यंत्र मुकाट्यानं नोंद करतं, कुठल्या मशीनवरून, किती वाजता, काय उघडलं, आणि माझ्या फोनवर टिंग वाजवतं.

चोराला नेटवर्कवर यायला काही अवघड नव्हतं. दुपारी बोटी माल उतरवायला लागल्या की सगळे संस्थेचंच इंटरनेट वापरतात. पासवर्ड वजनकाट्याच्या वर भिंतीवर लिहून ठेवलाय, खडूनं, गेली चार वर्षं.

डबा लावला त्या दिवशी क्लेम बघायला आला. त्यानं झाकण उघडून आत पाहिलं आणि एवढ्याशा वस्तूला चोर भुलेल का म्हणून विचारलं. मी म्हटलं, शेवंड तरी पिंजऱ्यात काय बघून शिरते? कुजक्या माशाचं डोकं. वास खरा हवा.

"आत काय भरणार आहेस?"

"खुणा. खोट्या."

त्यानं झाकण खाली ठेवलं. "काहीही भर. फुटबॉलचं वेळापत्रक भर. आकडे नकोत."

"आकड्यांशिवाय चोर थांबेल होय, क्लेम? उघडेल, बघेल आणि हसून निघून जाईल."

"आकडे नकोत, नेरिडा."

मी बरं म्हटलं. आणि तो गेल्यावर आकडे भरले.

का भरले, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. काम चोख व्हावं म्हणून. नोंद खोटी म्हणायला चोराला वाव राहू नये, त्या खोट्या जागेवर त्याचेच बोये तरंगताना साऱ्या गावानं पाहावेत म्हणून. आणि क्लेमनं नको म्हटलं म्हणूनही, थोडंसं. तीन फोल्डर केले. एक क्लेमच्या बोटीच्या नावाचा, एक आणखी एका बोटीच्या, आणि तिसरा 'एल्सपेथ'. तिसऱ्याचा वास सगळ्यात खरा. वडील गेल्याला अकरा वर्षं झाली तरी 'एल्सपेथ'च्या खुणा कुठे होत्या यावर अजून क्लबात पैजा लागतात. त्यांची वही क्लेमकडे आहे आणि क्लेम ती कुणाला दाखवत नाही.

ऑफिसच्या भिंतीवर समुद्राचा मोठा नकाशा आहे. त्यावर पट्टी लावून मी बारा जागा काढल्या. वडील ज्या बाजूला जायचे त्याच बाजूच्या, खडकांच्या जवळच्या, कारण शेवंड खडकाजवळ असते एवढं मलाही ठाऊक. चौथी जागा 'ओल्ड नॅन'च्या अगदी शेजारी पडली. ओल्ड नॅन हा पाण्याखाली दडलेला खडक. अशा खडकाला इथे बॉमी म्हणतात. एरवी वर काहीच दिसत नाही. दूर दक्षिणेकडून मोठी लाट आली की तेवढ्याच जागी ती भिंतीसारखी उभी राहते आणि फुटते. वीस मिनिटं काही नाही, आणि मग एकदम. नकाशावर तो एका बारीक फुलीनं दाखवलेला असतो. मला ती फुली दिसली होती. मला वाटलं, इथे कोण जातंय, गावातलं शेंबडं पोर ओळखतं नॅनला.

मग आकडे फारच कोरडे वाटले म्हणून प्रत्येकापुढे दोन शब्द लिहिले, वडील लिहीत तसे. 'पश्चिमेचा वारा असेल तर नको.' 'दोन पिंजरे, जास्त नाहीत.' चौथ्यापुढे लिहिलं, 'धीर धर. इथे उशिरा लागतं.' हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. लहानपणी धक्क्यावर गळ टाकून बसलं आणि मी चुळबुळ करायला लागले की ते म्हणायचे. लिहिताना मला बरं वाटत होतं. त्यांचा आवाज मला इतका हुबेहूब येतो याचं कौतुकही वाटलं.

पहिले पाच दिवस त्या सोंगाच्या कपाटाकडे कुणी फिरकलं नाही. एकदा आमच्या प्रिंटरनंच येऊन चौकशी केली, तेवढीच नोंद. सहाव्या दिवशी, बुधवारी, दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी मी चहा गाळत होते आणि फोन वाजला. चोर लागला. हात पुसून मी नोंद उघडली. मशीनचं नाव होतं 'नेरिडाचं किचन'.

क्षणभर मला वाटलं यंत्र बिघडलं. माझाच कॉम्प्युटर मलाच चोर म्हणतोय. मग आठवलं. हा माझा जुना लॅपटॉप, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर असायचा. दोन वर्षांपूर्वी मी तो लीथला दिला होता. नाव बदलायचं राहून गेलं.

लीथ माझा धाकटा भाऊ. चोपन्न वर्षांचा. वडिलांनी वही त्याला दिली नाही, हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख. अकरा वर्षांपूर्वी दारूच्या नशेत त्यानं 'एल्सपेथ' खडकावर घातली. कुणी मेलं नाही, पण बोट गेली. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांनी क्लेमला बोलावून, लीथच्या देखत, वही क्लेमच्या हातात दिली. एक शब्द बोलले नाहीत. लीथ पाच वर्षं प्यायला, मग एके दिवशी प्यायचा थांबला, आणि तेव्हापासून दुसऱ्याची बोट भाड्यानं घेऊन कुणीतरी सोडलेल्या खुणांवर कसंबसं चालवत होता. मुलगी टॅमसिन त्याच्याबरोबर बोटीवर जायची.

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगायचं? क्लेमला सांगितलं तर लीथ या गावात तोंड दाखवू शकणार नाही. खुणा चोरणाऱ्याच्या बोटीचा दोर इथे धक्क्यावर कुणी घेत नाही. मी फोन उलटा करून ठेवला आणि चहा प्यायले. तो थंड झाला होता.

नोंदीत आणखी एक गोष्ट होती आणि ती मी त्या दिवशी पाहिली, पण समजून घेतली नाही. त्यानं तीनपैकी एकच फोल्डर उघडला होता. क्लेमच्या फोल्डरला हात लावला नव्हता, दुसऱ्याच्याही नाही. फक्त 'एल्सपेथ'. आणि त्यात तो चाळीस मिनिटं होता.

गुरुवारी संध्याकाळी तो माझ्याकडे आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन शेवंडी घेऊन. एरवी आला की दारातच उभा राहायचा, त्या दिवशी खुर्ची ओढून बसला. टॅमसिनचं मनगट डेकवर आपटून मोडलंय, सहा आठवडे प्लास्टर, तोवर एकटाच जातोय म्हणाला. बोलत होता, हसत होता, आणि मला त्याच्या हसण्याचा राग येत होता. चोरी पचली, म्हटलं, बघा कसा खुलला आहे.

"सगळं ठीक ना?" मी विचारलं.

"ठीक आहे, नेरी. आता ठीक होणार आहे."

"म्हणजे?"

"काही नाही. बऱ्याच वर्षांनी बरं वाटतंय, एवढंच."

एक वाक्य बोलायचं होतं. 'लीथ, ते आकडे खोटे आहेत.' सात सेकंदसुद्धा लागले नसते. पण ते बोलायचं म्हणजे मला तू सापडलास हेही बोलणं आलं, आणि मला ते त्याच्याकडून ऐकायचं होतं. त्यानं येऊन कबूल करावं. मी मनात म्हटलं, जाऊ दे, एक दिवस रिकामे पिंजरे ओढू दे, कान लाल झाले की येईल आपसूक. रविवारी त्याला जेवायला बोलवायचं आणि तेव्हा सांगायचं असं ठरवून मी त्या शेवंडी उकळत्या पाण्यात सोडल्या.

शनिवारी ऊन पडलं होतं. वारा नव्हता. मी अंगणात चादरी वाळत घातल्या आणि त्या हलतसुद्धा नव्हत्या. पण दूर दक्षिणेला कुठेतरी वादळ होऊन गेलं होतं आणि त्याच्या लाटा दोन दिवसांनी आमच्याकडे पोचत होत्या, लांब, सावकाश, एकेक डोंगराएवढी. असा दिवस इथे सगळ्यात वाईट. समुद्र बघून वाटतं झोपलाय.

क्लेम दुपारी माझ्या दारात आला तेव्हा त्याच्या अंगावर अजून रबरी पँट होती. त्यानं टोपी काढली, आणि मला कळलं. तो खुर्चीवर बसला नाही, ओट्याला टेकून उभा राहिला आणि जे घडलं ते एका दमात सांगितलं. लीथची बोट त्यानं लांबून पाहिली. नॅनच्या अगदी अंगावर, इंजिन मंद करून उभी. वाटलं इंजिन बिघडलं. म्हणून त्यानं रेडिओवर हाक मारली.

"मी म्हटलं, लीथ, तू नॅनवर बसलायस, बाहेर ये. तर म्हणाला, बाबांची खूण आहे क्लेम, तुला माहीत असेलच. मी म्हटलं, अरे तुझ्या बापाची अशी खूण नाही, मला वही पाठ आहे." क्लेम थांबला. "तर म्हणाला, तू तर तसंच म्हणणार."

त्यानंतर दोनदा हाक मारली, लीथनं रेडिओ बंद केला होता. क्लेमनं बोट वळवली. तो पोचायच्या आत नॅन उभी राहिली. एकच लाट. मग बोट नव्हती.

"त्याला ही जागा कुणी सांगितली, नेरिडा?" क्लेमनं विचारलं. "कुठून आणला त्यानं हा आकडा?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला वाटलं मला धक्का बसलाय. त्यानं किटली चढवली, कप शोधले, साखर शोधली. माझा भाऊ बुडून दोन तास झाले होते आणि मी क्लेमला साखर कुठे आहे ते सांगत होते.

लीथ सोमवारी सापडला, पाच मैलांवर. शुक्रवारी त्याला पुरलं. नंतर क्लबात चहा, सॉसेज रोल, स्कोन, जसं सगळ्यांचं होतं तसं. पोलिसांनी विचारलं, मी म्हटलं मला माहीत नाही. लोक येऊन माझा हात धरत होते आणि म्हणत होते, बिचारा पुन्हा प्यायला लागला असेल. मला ओरडावंसं वाटत होतं की नाही, तो शुद्धीवर होता, इतका शुद्धीवर तो कधीच नव्हता. मी चहाचे कप भरत राहिले. दुःख होतंच, पण दुःखाच्या आड मी लपले होते आणि तिथे मला कुणी शोधत नव्हतं. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात आली नव्हती.

पुढच्या कमिटीत चोराचाही उलगडा झाला. चोर नव्हताच. हंगामाआधी सगळ्यांचे प्लॉटर दुरुस्त करायला एक माणूस येतो. त्यानं या वर्षी तीन वेळा एका बोटीचं कार्ड दुसऱ्या बोटीत घातलं आणि पुसायला विसरला. एकाच्या खुणा दुसऱ्याच्या पडद्यावर उमटल्या, आणि ज्यांच्या पडद्यावर उमटल्या त्यांनी देवाचं देणं समजून पिंजरे टाकले. तिघांनी मान खाली घालून कबूल केलं. थोडी शिवीगाळ झाली, मग हसाहशी. क्लेम मला म्हणाला, तो तुझा बिस्किटांचा डबा काढून टाक आता. मी हो म्हटलं.

काढला मात्र नाही. तो काढताना नोंद पुसावी लागली असती, किंवा ठेवावी लागली असती, आणि दोन्हीपैकी काय करायचं ते मला ठरवता येत नव्हतं. कपाट उघडलं की फायलींमागून हिरवा दिवा लुकलुकताना दिसायचा. मी कपाट उघडणंच सोडून दिलं.

डिसेंबरच्या सुरुवातीची गोष्ट. मंगळवार, सकाळचे अकरा. बोटी बाहेर होत्या, धक्का रिकामा. मी बिलं लावत बसले होते आणि फोन टिंग वाजला.

'नेरिडाचं किचन. एल्सपेथ.'

त्या एका क्षणी मला खरंच वाटलं की तो परत आलाय. सांगायला लाज वाटते, पण वाटलं. मी उठले आणि खिडकीशी गेले, तर बाहेर शेडच्या सावलीत लीथचीच पिकअप गाडी उभी. पुढच्या सीटवर डोकं खाली घालून कुणीतरी बसलेलं. मग तिनं केस मागे सारले आणि प्लास्टर दिसलं. टॅमसिन.

मी बाहेर गेले, दार उघडलं आणि शेजारी बसले. लॅपटॉप तिच्या मांडीवर होता. मांडीला लागून एक जुनी वही, कोपरे झिजलेली, तपकिरी पुठ्ठ्याची. वडिलांची ती वही मी अकरा वर्षांत पाहिली नव्हती.

"क्लेमनं दिली," टॅमसिन म्हणाली. "आणि त्याची जुनी बोटही देतोय. प्लास्टर निघालं की जानेवारीत मी जाणार, आत्या. बाबांचे पिंजरे शेडमध्ये आहेत तसेच."

मी बरं म्हटलं.

"पण ही बघ गंमत." तिनं वही आणि पडदा शेजारी शेजारी धरले. "यातली एकही खूण वहीत नाही. एकही. म्हणजे वहीतल्या खुणा आजोबांनी क्लेमला दिल्या, आणि आता कुणी इथे चढवल्यात त्या चांगल्या मागे ठेवल्या. घरच्यांसाठी. बाबांना ते बरोबर कळलं होतं. त्यांनी फक्त दिवस चुकीचा निवडला."

"टॅमसिन."

"मी दिवस नाही चुकणार. लाट बघूनच जाईन. चौथीपुढे लिहिलंय ना, धीर धर म्हणून."

गुरुवारी स्वयंपाकघरात गिळलेलं वाक्य अजून माझ्या घशात तसंच होतं. या वेळी मी थांबले नाही. विचार केला असता तर पुन्हा रविवारचं जेवण ठरवलं असतं.

"ते आकडे तुझ्या आजोबांचे नाहीत. माझे आहेत. चोर पकडायला मी खोटे लिहिले. नकाशावर पट्टी ठेवून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, अजून तिला उमगायचं होतं. मी बाकीचंही सांगितलं, फोन वाजला ते, बुधवार, शेवंडी घेऊन लीथ आला तो गुरुवार, आणि मला माहीत असून मी बोलले नाही ते. काही वगळलं नाही. धक्क्यावर एक बगळा होता, तो चालत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "आणि हे? 'धीर धर. इथे उशिरा लागतं.' हेही तूच लिहिलंस?"

"हेही मीच."

"बाबांनी हे मला वाचून दाखवलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "बुधवारी जेवताना. दोनदा. म्हणाले, बघ टॅम, म्हातारा अखेर माझ्याशी बोलला."

मी हात पुढे केला होता, तो तिनं बाजूला सारला नाही, नुसती बघत राहिली, आणि मीच तो मागे घेतला. तिनं लॅपटॉप मिटून माझ्या मांडीवर ठेवला. वही स्वतःकडे घेतली.

"उतर, आत्या."

मी उतरले. तिनं गाडी सुरू केली, मग काच खाली केली. "क्लेमला तू सांगायचंस. आणि पोलिसांनाही. क्लेम अजून सगळ्यांना सांगत फिरतोय की रेडिओवर बाबांना आपण आणखी जोरात ओरडायला हवं होतं."

ऑफिसात जाऊन मी कपाट उघडलं आणि डब्याची वायर काढली. दिवा विझला. नोंद पुसली नाही, डबा तसाच लॅपटॉपवर ठेवून दोन्ही उचलले. क्लेमची बोट तेवढ्यात धक्क्याला लागत होती आणि दोर घ्यायला तिथे दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी तिकडे चालत निघाले.